रकाना सातवा : भाडेकरूशी नातं

११ मार्च

मावशी,

फाडण्याआधी एवढी एक ओळ वाच. तुझं घर विकायला निघालंय हे मला कळलंय आणि ते मी घेणार आहे. आता फाडायचं तर खुशाल फाड.

फाडलं नसेल तर पुढचं सांगतो. समोरच्या घड्याळवाल्या काकांनी फोनवर सांगितलं. त्यांच्यावर डाफरू नकोस, मीच त्यांना महिन्यातून एकदा फोन करतो. पाच वर्षं करतोय. घड्याळाबद्दल विचारायला करतो. माझ्याकडे घड्याळच नाही हे त्यांना केव्हाच कळलं असणार, पण मोठा माणूस आहे, बोलत नाही.

काका म्हणाले, घरमालक मुलीकडे राहायला चाललेत. खालचं दुकान आणि वरची खोली एकत्रच विकणार. पहिला हक्क तुला दिलाय, एकतीस मेपर्यंत. त्यानंतर जो येईल त्याला. आणि जो येईल तो काही एका इस्त्रीवालीला खाली ठेवून वर राहणार नाही. तू यावर काय म्हणालीस तेही त्यांनी सांगितलं. ‘बघू’ म्हणालीस. तुझं ‘बघू’ मला पाठ आहे. माझ्या शाळेचे बूट फाटले की तू ‘बघू’ म्हणायचीस आणि मग आठ दिवस संध्याकाळी तुला भूक नसायची.

मी आता फरशी बसवतो. आधी बर्फाच्या कारखान्यात होतो, मग रंगकाम, मग एका ट्रकवर. कुठेच सहा महिन्यांच्या वर टिकलो नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचीस, ते खरंच होतं. फरशीत मात्र दोन वर्षं झाली. नवी फरशी बसवली की दिवसभर तिच्यावर पाय द्यायचा नसतो, बाजूला बसून राहावं लागतं. तसं बसून बसून सवय झाली असेल.

बँकेत जातो सोमवारी. शर्टाला घरीच इस्त्री केली. कॉलर काही जमली नाही.

त्या कोटाबद्दल आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो त्याबद्दल आज लिहीत नाही. ते लिहायला बसलो तर घराचं राहून जाईल.

बारक्या

२ एप्रिल

मावशी,

काका म्हणाले, तू पत्र फाडलं नाहीस, टेबलावरच्या चादरीखाली सारलंस. आणि म्हणालीस, “त्याला सांगा, मी फुकट राहणार नाही. कुणाचे उपकार घ्यायचं वय नाही माझं.”

फुकट कोण ठेवतंय तुला? ऐक बँकेत काय झालं ते.

बँकेतल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही राहणार त्या घरात?” मी म्हटलं, नाही, माझं काम इकडे. “मग ते राहतं घर धरता येणार नाही. भाड्याचं घर झालं. बरं, पगाराची पावती?” म्हटलं, पगार नाही, जितकी फरशी तितका पैसा. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचं पेन खाली ठेवणं आणि तुझं ‘बघू’ एकाच जातीचं.

बाहेर आलो तेव्हा गुण्या फुटपाथवर बसला होता. गुण्या म्हणजे माझा जोडीदार. काटकोन तपासायचं जे हत्यार असतं ना, तेच नाव त्याला पडलंय, कारण दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेला तरी हा आधी भिंतीचा कोपरा तपासतो. वयाने माझ्या दुप्पट आहे. तो मला एका कागदवाल्याकडे घेऊन गेला. तो माणूस सगळ्या मजुरांचे कागद करून देतो, त्याच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही.

कागदवाला म्हणाला, “कंपनी काढ.”

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, “मी सातवी नापास आहे हो.”

“कंपनीला कोण विचारतंय सातवी? दोन माणसं, एक पत्ता, चार सह्या. घर कंपनी घेईल. भाडं कंपनीला येईल. त्यातून कंपनी हप्ता भरेल. घर भाड्याचं असेल तर बँक कंपनीला कर्ज देते, आणि बघते ती भाडं, तुझा पगार नाही. आणि कंपनी लिमिटेड. म्हणजे बुडाली तरी तुझ्या अंगावरचा शर्ट कुणी काढून नेणार नाही.”

काढली कंपनी. मी आणि गुण्या दोघं संचालक. त्याच्याकडे शंभरातला एक भाग, बाकीचे माझ्याकडे. गुण्या आता मला ‘शेठ’ म्हणतो. “शेठ, जरा सिमेंटची बादली उचला.” “शेठ, तुमच्या ढुंगणाला चुना लागलाय.”

मग बँकेने एक वेगळा कागद पुढे केला. कंपनी बुडाली तर मी स्वतः जामीन. मी विचारलं, “बाई, मग लिमिटेड काय राहिलं?” त्या म्हणाल्या, “तुमचा जोडीदार.” गुण्याने जामीन राहायला नाही म्हटलं होतं. बरोबरच केलं, त्याला तीन मुली आहेत. मी सही करताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या शर्टाकडे बघत होता.

तर सांगायचं ते एवढंच, की तुझं भाडं लागणारच आहे. तू आतापर्यंत मालकांना देत होतीस तेवढंच, वेळेवर. तू भाडं दिलं नाहीस तर कंपनी बुडेल आणि माझा शर्ट जाईल. आता तरी झाला का तुझा जीव थंड?

आधी भरायचे पैसे आहेत माझ्याकडे. मोटारसायकल गुण्याकडे ठेवली आहे, सध्या चालत जातो. पायांना बरं.

बारक्या

२८ एप्रिल

मावशी,

बँकेचा माणूस येऊन घर पाहून गेला असं काका म्हणाले. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, आणि तू त्याला म्हणालीस, “ठोकून काय बघता, टरबूज आहे का?” मग त्याचा शर्ट चुरगळलेला पाहून तू तो अंगावरून काढायला लावलास आणि इस्त्री करून दिलास. पैसे घेतले नाहीस म्हणे. बँकेच्या माणसाला लाच दिलीस, कंपनीचा संचालक म्हणून मला हे अजिबात आवडलेलं नाही.

त्याने चांगलं लिहिलंय. छप्पर बरं, भिंती बऱ्या, भाडेकरू जुनी व नियमित.

पण काम जरा अडलंय. अर्जात एक चूक निघाली. माझीच आहे. किरकोळ आहे, एका शब्दाची. होईल दुरुस्त.

मोटारसायकल गुण्याकडे ठेवली असं लिहिलं होतं. ठेवली म्हणजे त्याला विकली. तो अजून तिच्यावर बसत नाही, रोज माझ्याबरोबर चालत येतो आणि घाम पुसत मलाच शिव्या घालतो.

तू लिहीत का नाहीस? चार ओळी लिही. शिव्या लिही.

बारक्या

११ मे

मावशी,

वीस दिवस राहिले आणि अर्ज जिथल्या तिथे आहे. तुला खरं सांगतो. किरकोळ नाही.

बँकेच्या अर्जात सातवा रकाना होता, ‘सध्याच्या भाडेकरूचे संचालकांशी नाते’. आधीचे सहा रकाने मी कागदवाल्याला विचारून विचारून भरले, व्यवसायाचं स्वरूप आणि काय काय. सातवा माझा मला येत होता, म्हणून विचारलं नाही. फरशीच्या खोक्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, ‘आई’.

तुला मी कधी तसं म्हटलं नाही, तूही म्हणू दिलं नाहीस. पण रकाना एवढासा होता. त्यात सगळं कसं मावणार? आई आणि तू एकाच टेबलाच्या दोन बाजूंना इस्त्री करायचात, ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि तू तिच्या बाजूला स्टूल ठेवून म्हणालीस, “चढ, रुमाल कर”, हे त्या रकान्यात कुठे लिहू? लहान शब्द लिहिला.

आठ दिवसांनी बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, “हे कर्ज मिळणार नाही. संचालकाचा नातेवाईक त्या घरात राहत असेल तर हे कर्ज देता येत नाही. नियम आहे.”

“का?”

“नातेवाईक भाडं देत नाहीत. आणि मालकाला मागवत नाही.”

म्हटलं, “बाई, तुम्ही आमच्या मावशीला ओळखत नाही.”

त्यांनी मान वर केली. “मावशी? इथे तर आई लिहिलंय.”

मग सांगावं लागलं. त्यांनी पेन खाली न ठेवता ऐकलं. मग नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा, नाहीतर कोर्टातून दत्तक घेतलेला. “यातलं काही आहे का?” नाही म्हटलं. “मग कागदोपत्री त्या तुमच्या कुणीच नाहीत. तो शब्द खोडा, ‘नाते नाही’ लिहा, बाजूला सही करा. यात खोटं काही नाही. मी फाइल पुढे पाठवते.”

सोपं आहे. एक रेघ आणि एक सही.

अर्ज घरी घेऊन आलो. आज सतरा दिवस तो माझ्या खिशात आहे. गुण्या विचारतो, “कागद आहे का गळू? फोड ना एकदाचं.” मी काढतो, बघतो, परत ठेवतो. घडी इतकी वेळा घातलीय की तू बघितलीस तर ओरडशील.

त्या दिवशीचं आता लिहितो. बाहेर ट्रक उभा होता, त्याच्या पाठीवर कुठकुठल्या गावांची नावं लिहिलेली, मी ती वाचत बसलो आणि इस्त्री कोटाच्या बाहीवर राहिली. नवऱ्यामुलाचा कोट होता. तू मला मारलंस. अठरा वर्षांच्या घोड्याला, पाच गिऱ्हाइकांसमोर. आणि मी म्हणालो, “तू माझी कोण लागतेस मला मारणारी?” तू कोट उचललास आणि बाही उजेडात धरून बघत राहिलीस. मी त्याच ट्रकने गेलो.

ते तोंडाने बोललो होतो. निदान वाऱ्यावर गेलं. आता तेच शाईने लिहून, सही करून, बँकेचा शिक्का मारून घ्यायचं? मला नाही जमत. आणि नाही खोडलं तर एकतीस तारखेला तुझं टेबल रस्त्यावर येतं. दोन्हीकडून मीच गाढव.

तू सांगशील ते करतो. या वेळी काकांकडून निरोप नको. तूच लिही.

बारक्या

२० मे

मावशी,

तुझं पत्र काल मिळालं. पाच वर्षांत पहिलं, आणि ‘प्रिय’ वगैरे काही नाही, एकदम ‘मेल्या’. चार वेळा वाचलं. गुण्याला वाचून दाखवलं, तर तो बादली धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि बादली न धुताच परत आला.

तू लिहिलंस ते इथे परत उतरवतो. एक प्रत माझ्या हातची असू दे.

“मेल्या, तुझी आई माझी मैत्रीण होती. ती गेली म्हणून तिची जागा रिकामी झाली नाही, आणि मी तिथे बसायला तुला सांभाळलं नाही. तो शब्द तिचा आहे, तिलाच राहू दे. खोड. मी तुझी कोण ते बँकेला सांगायचं काय अडलंय? बँक माझी कोण लागते? आणि कोटाचं म्हणशील, तर मी त्याच्या दोन्ही बाह्या काढल्या आणि जाकीट करून दिलं. नवरामुलगा आरशासमोरून हलेना. तू अर्धा तास थांबला असतास तर दिसलं असतं. मारलं ते चुकलं. बाही जळली म्हणून मारलं नव्हतं. तू ट्रककडे बघत होतास म्हणून मारलं. सोळा दिवस राहिलेत, कागद भर.”

भरला.

आज सकाळी पहिल्या नंबरला बँकेत होतो. मी पेनाने तो शब्द गिरगटायला निघालो तर बाईंनी हात धरला. “असं नाही. एकच रेघ. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे, तोही नियमच आहे.” गुण्याने खिशातून पट्टी काढली आणि कागदावर धरली, रेघ तिरकी आलेली त्याला खपत नाही. मारली रेघ. बाजूला सही केली. त्यामुळे मावशी, बँकेच्या फायलीत तो शब्द अजून आहे, आणि फाइल वीस वर्षं तरी जपून ठेवावी लागते असं बाई म्हणाल्या.

तेवढ्यावर भागलं नाही. कंपनीने तसा ठराव करायला हवा होता. मग दुपारच्या सुट्टीत कामावरच सभा घेतली, मी एका खोक्यावर, गुण्या दुसऱ्या खोक्यावर, मध्ये डबा. कागदवाल्याने मजकूर लिहून दिला होता. ‘सदर भाडेकरू ही कंपनीच्या कोणत्याही संचालकाची नातेवाईक नाही, असे सर्वानुमते ठरले.’ सूचक गुण्या. अनुमोदक मी. हात वर करायचे होते. गुण्याने केला. मला वेळ लागला. तो हात तसाच वर धरून बसला, एका शब्दाने घाई केली नाही. नंतर म्हणाला, “शेठ, खांदा भरून आला.” तेव्हा मी केला.

फाइल पुढे गेली. आता अकरा दिवसांचा प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, होईल.

बारक्या

३० मे

मावशी,

झालं. काल दुपारी. मालकांना पैसे पोचले, कागदावर घर कंपनीच्या नावाने चढलं. दोन दिवस हातात राहिले. बँकेतून बाहेर आलो तेव्हा पाय इतके हलके झाले होते की मी आणि गुण्या चुकीच्या बाजूला एक मैल चालत गेलो आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोबत भाडेकरार पाठवतोय. बाराही पानांवर सही कर आणि एक प्रत परत पाठव. शिवून, इस्त्री करून पाठवू नकोस, नुसती सही. वाचून कर. कंपनी चांगली आहे, पण संचालकांचा काही भरवसा नाही.

बारक्या

१२ जून

प्रति,
भाडेकरू, खालचे दुकान व वरची खोली

विषय : मोरीबाबत आपली तक्रार

महोदया,

आपण सही केलेला करार मिळाला. बाराव्या पानाच्या मागे आपण आपल्या हाताने लिहिलं आहे, ‘मोरीतली फरशी हलते. पाय घसरून पडले तर जबाबदारी कोणाची? मालकाने जातीने लक्ष घालावे.’

मावशी, तुझ्या मोरीत फरशी नाही. कोबा आहे, सिमेंटचा. मी बारा वर्षं त्याच्यावर आंघोळ केली आहे. तो बापजन्मी हलणार नाही. खात्री करायला काकांना फोन केला, तर ते म्हणाले, “मला मोरीतलं काही विचारू नकोस, मी घड्याळं बघतो,” आणि हसत सुटले, फोन ठेवेपर्यंत हसतच होते.

पण तक्रार लेखी आहे. सभेपुढे ठेवली. गुण्या म्हणाला, “शेठ, हलते म्हणजे हलते. भाडेकरूशी वाद घालायचा नाही.” त्याने फिकट निळ्या फरशीचं एक खोकं बाजूला काढलंय, एका कामातून उरलेलं आहे, पैसे देऊनच घेतलंय, संशय घेऊ नकोस. आणि मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, खोकं घेऊन बसमध्ये कुठे लोंबकळतोस.

तरी करारातील कलम नऊप्रमाणे आपणास कळवण्यात येत आहे. मालकाला घर पाहायला यायचं असेल तर भाडेकरूला दोन दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. ती ही. हे पत्र तुला सोळा तारखेला मिळेल. अठराला, रविवारी सकाळी, कंपनीचा संचालक खोकं घेऊन दारात उभा असेल. कामाला किती दिवस लागतील ते कोबा फोडल्याशिवाय सांगता येत नाही. नव्या फरशीवर पहिला दिवस पाय द्यायचा नसतो. तेव्हा तो दिवस धरून चाल, आणि त्यापुढचेही काही धर.

भाडेकरूची या भेटीला हरकत असेल तर तिने ती कंपनीच्या पत्त्यावर लेखी कळवावी. फोनवरची हरकत धरली जात नाही, कलम अकरा. पत्र इकडे यायला चार दिवस लागतात, म्हणजे आपली हरकत वीस तारखेला पोचेल. गुण्या ती फोडेल, नीट वाचेल आणि संचालक परत येईपर्यंत जपून ठेवेल.

बारक्या
(कंपनीकरिता)